उजवा पंख खाली

जुहूच्या धावपट्टीवर वारा आधी दिसतो आणि मग अंगाला लागतो. पट्टीच्या कडेला उंच खांबावर बांधलेली पट्ट्यापट्ट्यांची कापडी पिशवी सकाळभर झोपलेल्या माणसाच्या बाहीसारखी लोंबत असते. दुपार कलू लागली की समुद्र त्या बाहीत हात घालतो. ती हळूहळू फुगते, आडवी होते, आणि तिचे तोंड ज्या दिशेला वळेल त्या दिशेला खाली उभे असलेले शिकाऊ वैमानिक माना वळवतात.

१९८६च्या मे महिन्यात ते तोंड रोज वायव्येकडे आणि कधीकधी थेट उत्तरेकडे असे. धावपट्टी पूर्व-पश्चिम. पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या विमानाला वारा समोरून भेटत नव्हता. तो उजव्या कुशीवर येऊन आदळत होता.

माणिक घाडीला त्या उजव्या कुशीची धास्ती बसली होती. अंधेरीच्या एका बँकेत काउंटरवर बसणारी ही मुलगी गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी भांडुपच्या टेकडीवरून उतरून इथे येत होती आणि सरकारी सवलतीच्या योजनेत विमान चालवायला शिकत होती. एकटीने उडणे तिला येत होते. वळणे येत होती. इंजिन थांबले असे धरून मोकळी जागा शोधणेही तिला आता दचकवत नव्हते. राहिले होते फक्त आडव्या वाऱ्यात उतरणे. तीन आठवड्यांपूर्वी तिने ते करून पाहिले, तेव्हा फ्लाइंग क्लबचे ‘पुष्पक’ हे दोन खुर्च्यांचे विमान जमिनीला टेकता टेकता डावीकडे वाहत गेले, चाके तिरपी घासली, नाक वाऱ्याच्या दिशेला गरकन वळले आणि सगळे विमान स्वतःभोवती भोवऱ्यासारखे फिरले. डाव्या पंखाचे टोक डांबरावर घासून त्याचे कापड फाटले. तिला खरचटलेसुद्धा नाही. परंतु त्या फाटक्या कापडाचा आवाज तिच्या कानात राहिला. नवे लुगडे फाडल्यासारखा.

पालेकर सरांनी तेव्हा फक्त फाटलेले कापड तपासले. श्यामसुंदर पालेकर हे क्लबचे मुख्य शिक्षक. पन्नाशीचे, किडकिडीत, उन्हाने रापून काळवंडलेले. त्यांना रागावायचे असले की ते आधी चहा मागवत. तीन आठवड्यांनंतरच्या या शनिवारी त्यांनी चहा मागवला.

“घाडी, बस.”

ती बसली.

“पुढच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी उड्डाणं बंद. उघडतील तेव्हा योजनेत नवी मुलं येणार, तुझी जागा राहणार नाही. म्हणजे उद्याचा रविवार शेवटचा. उद्या आडव्या वाऱ्यात एकटी उतरून दाखव. मी परवान्याच्या अर्जावर सही करतो आणि तू सुटलीस, मीही सुटलो.”

“आणि नाही जमलं तर, सर?”

“बँकेची नोकरी चांगली आहे. पंखे असतात डोक्यावर.”

शेजारच्या खुर्चीवर चंद्रप्रकाश कर्णिक फिस्सकन हसला. हा मुलुंडचा, तिच्याच तुकडीतला. त्याला गेल्याच महिन्यात परवाना मिळाला होता आणि तेव्हापासून तो काळा चष्मा संध्याकाळीसुद्धा काढत नव्हता.

“हसतोस काय रे?” माणिक म्हणाली. “तुझ्या वेळेला वारा सुट्टीवर होता.”

“नशीब लागतं यार त्याला.”

पालेकरांनी बशी उपडी घातली, तिच्यावर काड्यापेटी ठेवली. बशी म्हणजे पट्टी, काड्यापेटी म्हणजे विमान. “शेवटचं सांगतो. वारा उजवीकडून येतोय. खाली येताना नाक थोडं वाऱ्याकडे ठेव. विमान खेकड्यासारखं तिरकं चालेल. दिसेल वाकडं, पण जाईल पट्टीच्या रेषेवर. इथपर्यंत तुला येतं. आता जमीन जवळ आली. तिरकंच टेकवलंस तर चाकं मोडतील. म्हणून डावा पाय दाबून नाक पट्टीशी सरळ करायचं. पण नाक सरळ केलं की वारा तुला डावीकडे ढकलणार. म्हणून त्याच वेळी...”

“उजवा पंख खाली.”

“उजवा पंख खाली. वाऱ्याच्या अंगावर रेलायचं. जेवढा तो ढकलेल तेवढं रेलायचं, कमी नाही, जास्त नाही. आधी उजवं चाक टेकेल. टेकू दे. मग डावं येईल, मग शेपूट. आणि तोपर्यंत पंख सोडायचा नाही. हे तुला तोंडपाठ आहे ना?”

“आहे, सर.”

“मग करत का नाहीस?”

माणिकने बशीवरची काड्यापेटी उजवीकडे कलती केली.

त्या दुपारी माणिक आणि पालेकर अशी दोघे तीनदा वर गेली आणि तीनदा उतरली. पार्ल्याच्या गच्च्यांवर वाळणारे कपडे खालून सरकत, पुढे समुद्र पत्र्यासारखा चमकत असे, आणि त्या दोहोंच्या मध्ये पट्टीची करडी रेघ जवळजवळ येऊ लागे. खेकड्याची चाल नीट जमे. डावा पाय नीट दाबला जाई. उजवा पंख झुके. विमान वाऱ्यावर खांदा टेकवून एखाद्या शहाण्या जनावरासारखे खाली येई. आणि जमीन हातभर उरली की माणिकच्या अंगात काहीतरी ताठ होई. तिचे हात, तिला न विचारता, पंख समांतर करून टाकत. त्याच क्षणी वारा तिला उचलून डावीकडे नेई आणि पालेकर शांतपणे कंट्रोल आपल्या हाती घेत.

तिसऱ्या वेळी इंजिन बंद केल्यावर पालेकर तिच्याकडे वळले.

“तू घाबरत नाहीस,” ते म्हणाले. “घाबरलेला माणूस कंट्रोल आवळून धरतो. तू एकदम सरळ होतेस. शाळेत मास्तर वर्गात आल्यावर होतात ना मुलं, तशी. जमिनीजवळ तुझ्यावर कोण ओरडतं गं?”

ती हसली. पण विमान दोरांनी बांधताना, आणि नंतर भांडुपची टेकडी चढताना, तो प्रश्न तिच्या सोबत चालत राहिला.

भांडुपच्या त्या टेकडीवर घरे एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी होती. नळ आले होते. पण मे महिन्यात नळातले पाणी वरपर्यंत चढण्याइतके ताकदीचे नसे. ते पायथ्याशी, दगडी कट्ट्याजवळच्या नळाला येई, तेही संध्याकाळी, आणि तिथून कमरेवर बसून घरोघरी जाई. माणिकच्या लहानपणी तर बारा महिने असेच होते. तिचे वडील गुणाजी घाडी तेव्हा गिरणीत होते. संपानंतर गिरणीचा भोंगा थांबला आणि ते मरोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला बसू लागले. पाणी आणायचे काम मात्र सगळ्या काळात माणिकचेच राहिले. डाव्या कमरेवर कळशी, आणि समोर उभ्या पायऱ्या.

त्या संध्याकाळीही आई दारात कळशी घेऊन उभीच होती. शेवंतीबाईंचा गुडघा हल्ली दुखत असे.

“इलस? जा गो बाय, पाणी जातला.”

माणिक खाली गेली. कळशी भरली, डाव्या कमरेवर चढवली आणि वर निघाली. ऊन उतरून पिवळे झाले होते. बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर तिची सावली तिच्या बरोबरीने पायऱ्या चढत होती. ती सावली तिने यापूर्वी हजारदा पाहिली असेल. आज ती पाहताना तिचा पाय थांबला. भिंतीवर डावी कंबर बाहेर निघालेली होती आणि सगळे अंग उजवीकडे रेलले होते. उजवा खांदा खाली, डावा वर. आणि पावले? पावले पायरीच्या मधोमध, नाकासमोर.

वरून आवाज आला. तो आवाज ती वयाच्या आठव्या वर्षापासून ऐकत होती.

“खांदो सरळ ठेव गो! वाकडी दिसतंस!”

आणि माणिकचा खांदा, तिला न विचारता, सरळ झाला. कळशी हिंदकळली. पाण्याची एक जीभ काठावरून बाहेर आली आणि तिच्या सलवारीला भिजवून पायरीवर पडली.

ती तिथेच उभी राहिली. पाण्याचा गार ओघळ पोटरीवरून उतरत होता आणि तिला एकाएकी मोठ्याने हसू येऊ लागले.

“हसतंस कित्याक? पाणी सांडलास आणि हसतंस!”

माणिक वर गेली आणि कळशी आईच्या पुढ्यात ठेवली. “आई, तू दाखव.”

“काय दाखव?”

“ही घे कमरेवर आणि चार पावलं चाल. खांदा सरळ ठेवून.”

“खुळी झालंस? माका गुडघो...”

“चारच पावलं. सपाटीवर.”

शेवंतीबाईंनी पदर खोचला. या कामात त्यांना कोणी आव्हान द्यावे हे त्यांना मानवले नाही. कळशी त्यांच्या कमरेवर एका हिसक्यात बसली आणि अंग आपोआप उजवीकडे रेलले, ओळखीच्या भिंतीला टेकावे तसे.

“आता खांदे सरळ.”

त्यांनी खांदे सरळ केले. एक पाऊल. दुसऱ्या पावलाला कळशीने त्यांना डावीकडे ओढले, तिसऱ्याला त्या दारालगतच्या तुळशीच्या डब्यावर जवळजवळ आदळल्या, आणि पाण्याने त्यांचे दोन्ही पाय धुऊन काढले.

“मेले!” त्या कोणाला म्हणाल्या कोण जाणे; बहुधा कळशीला. मग त्यांनी पुन्हा अंग उजवीकडे झुकवले, आणि त्या आत मोरीपर्यंत एकही थेंब न सांडता चालत गेल्या. कळशी ठेवून त्या तिच्याकडे वळल्या. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखे काहीतरी होते.

“वाकडा झाल्याशिवाय जमत नाय ता,” त्या म्हणाल्या.

“मग मला पंधरा वर्षं सरळ हो, सरळ हो का म्हणत होतीस?”

“पोरीची जात. उद्या पाटावर उभी ऱ्हवतलंस, लोक म्हणतले, हिचो खांदो बघा.” त्यांनी पदराने ओले पाय पुसले. “ह्या सगळा आज कित्याक इचारतंस?”

माणिकने त्यांना सांगितले. बशी नव्हती म्हणून ताट उपडे घातले, काड्यापेटी मात्र होतीच. वारा कुठून येतो, विमानाला कुठे ओढतो, आणि जमिनीशी आल्यावर तिच्या कानात कोण ओरडते, ते सगळे सांगितले. शेवंतीबाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. विमानातले त्यांना काही कळत नव्हते, आणि कळून घ्यायची इच्छाही त्यांनी दोन वर्षांत दाखवली नव्हती. पण एका अंगाला वजन ओढत असताना सरळ चालणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होते.

“उद्या मी येतंय,” त्या म्हणाल्या.

“तू? जुहूला?”

“तुका वराडणारा कोण ता तुझ्या मास्तरांका दिसूक होया ना?”

रविवारी दुपारी खांबावरची वाऱ्याची पिशवी ताठ आडवी झाली होती. तिचे तोंड उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कललेले. शेवंतीबाई क्लबच्या व्हरांड्यात लाकडी बाकाच्या टोकावर बसल्या होत्या, इस्त्रीच्या पाचवारीत, मांडीवर पिशवी धरून. पालेकरांनी त्यांना नमस्कार केला, चहा विचारला, आणि माणिकबरोबर विमानाकडे निघाले.

“आईंना आणलंस?”

“तुम्ही विचारलं होतं ना सर, कोण ओरडतं म्हणून.”

पालेकरांनी एकदा मागे वळून बाकाकडे पाहिले. त्यांच्या मिशीत काहीतरी हलले.

पहिल्या फेरीला ते सोबत होते. ती उतरली. पंख सरळ झाला नाही. मात्र चाक जोरात आपटले. “पाठीचा मणका माझा आहे, क्लबचा नाही,” ते म्हणाले, आणि इंजिन चालू असतानाच पट्टा सोडून दार उघडून खाली उतरले. वाऱ्याने त्यांचे दार हातातून हिसकावून घेतले; त्यांनी ते खांद्याने लावले. “जा. मी चहा पितो.”

शेजारची खुर्ची रिकामी असली की ‘पुष्पक’ लवकर जमीन सोडते. समुद्र खाली आला. किनाऱ्यावरची माणसे तिळाएवढी झाली. तिने वळण घेतले, पट्टीला समांतर पूर्वेकडे आली, सांताक्रूझकडे उतरणाऱ्या एका मोठ्या विमानाचे चंदेरी पोट दूरवर तरंगताना पाहिले, आणि पुन्हा वळली. आता पट्टी समोर होती. टॉवरवरून उतरण्याच्या परवानगीचा हिरवा दिवा लागला.

नाक वाऱ्याकडे. खेकडा. पार्ल्याच्या गच्च्या. कपडे तारांवर एकाच दिशेला आडवे झालेले, जणू सगळ्या घरांनी बोट करून दाखवावे, हा बघ, इकडून येतोय. पट्टीच्या तोंडाशी माडांची रांग होती आणि तिच्या मागे वारा तुटून येई. तिने डावा पाय दाबला, पंख झुकवला, आणि त्याच क्षणी वाऱ्याने श्वास रोखून एकदम सोडला. विमान पट्टीच्या कडेकडे फेकले गेले. गवत. पांढरे दगड.

तिने हट्ट केला नाही. पूर्ण ताकद दिली, नाक सावकाश उचलले, आणि विमान समुद्राकडे परत चढू लागले.

व्हरांड्यात चंद्रप्रकाश उठून उभा राहिला. “लागली वाट.”

“खाली बस,” पालेकर म्हणाले. “उतरणं सोडून परत वर जायचं, हे मी तिला शिकवलं नसतं तर तिला वर पाठवलंच नसतं.”

“इली नाय ती?” शेवंतीबाईंनी विचारले.

“येईल. पुन्हा येईल.”

वर, वळणाच्या टोकाशी, माणिकने खाली पाहिले. समुद्रावर हजारो पांढऱ्या रेघा उमटून पुसल्या जात होत्या. कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहून खोडावी तशा. पुढच्याच आठवड्यात त्या पाण्यावरून ढग येतील, आणि आज ती उतरली नाही तर हे सगळे, ही पत्र्यासारखी चमकणारी पश्चिम, ही रिकामी खुर्ची, हा एकटेपणाचा उंच निळा घुमट, काउंटरच्या जाळीमागून आठवण्यापुरता उरेल. तिने तो विचार पुरा केला आणि बाजूला ठेवला. मग डाव्या कमरेवर वजन आहे असे मानले.

हिरवा दिवा.

गच्च्या आल्या, कपडे आले, माड आले. माडांच्या मागे वारा पुन्हा तुटला. या वेळी तिला ठाऊक होते. ती त्याच्यासाठी थांबली, तो गेल्यावर डावा पाय दाबला. नाक पट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेवर येऊन बसले. उजवा पंख खाली गेला. वारा कुशीवर आला आणि ती त्याच्यावर रेलली. तो वाढला तशी वाढली, तो कमी झाला तशी उचलली, भरलेल्या कळशीतले पाणी हलू लागले की अंग हलते तितकेच. पट्टी वर येत होती. जमीन हातभर उरली.

आणि आवाज आला. नेमका त्याच जागी, नेहमीचा. खांदो सरळ ठेव गो.

‘नाही आई,’ ती मोठ्याने म्हणाली. इंजिनाच्या गडगडाटात तिचे तिलाच ऐकू आले नाही. पंख खालीच राहिला.

उजवे चाक टेकले. बोटाने पाण्याला शिवावे इतके अलगद. डावे अजून हवेतच होते. आणि एक लांबलचक, अविश्वसनीय क्षणभर ते सगळे यंत्र एका चाकावर, वाकडे, भर वाऱ्यात, पांढऱ्या रेघेवरून नाकासमोर धावत राहिले. सूर्य समोर होता. तिला दिसले नाही, पण मागे डांबरावर विमानाची लांब सावली पडली होती, एक खांदा वर आणि एक खाली. मग डावे चाक उतरले. मग शेपूट. तिने कंट्रोल वाऱ्याच्या बाजूला पुरता वळवला, पाय जागते ठेवले, आणि विमान चालण्याच्या वेगावर येईपर्यंत एकदाही सुटकेचा निःश्वास सोडला नाही.

व्हरांड्यात शेवंतीबाई उभ्या होत्या. कधी उठल्या, त्यांचे त्यांना माहीत नव्हते. त्यांचे स्वतःचे अंग उजवीकडे कललेले होते आणि डावा हात कमरेवरच्या नसलेल्या कळशीभोवती घट्ट होता.

“वाकडीच इली,” त्या हळूच म्हणाल्या.

“झकास वाकडी आली,” पालेकर म्हणाले, आणि खिशातून पेन काढले.

या क्लबात एक प्रथा होती. शिक्षकाने अर्जावर सही केली की बाकीच्यांनी त्या विद्यार्थ्याला भर मैदानात बादलीभर पाण्याने न्हाऊ घालायचे. चंद्रप्रकाश काळा चष्मा डोक्यावर सारून बादली घेऊन धावत निघाला तोच शेवंतीबाई त्याच्या वाटेत आडव्या आल्या.

“खय नेतंस ता?”

“तिच्या डोक्यावर ओतायचं, मावशी. रीत आहे आमची.”

“एवढा पाणी? डोक्यार?”

“आई, असू दे गं,” विमानातून उतरत माणिक म्हणाली. तोंडावरचे हसू तिला आवरत नव्हते.

शेवंतीबाईंनी बादलीत वाकून पाहिले. पाणी स्वच्छ होते, काठोकाठ. “खयच्या नळाचा?”

“हा काय, मागचा. दिवसभर असतं.”

“दिवसभर,” त्या म्हणाल्या.

त्यांनी चंद्रप्रकाशच्या हातातून बादली घेतली. त्याला वाटले, त्या ती परत नेऊन ठेवणार. चाळीस पायऱ्या चढून येणाऱ्या पाण्याचा थेंबही सांडू न देणाऱ्या त्या बाईने दुखऱ्या गुडघ्यावर भार दिला, पदर खोचला, बादली दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलली, आणि सगळीच्या सगळी, एका दमात, आपल्या मुलीच्या डोक्यावर रिकामी केली.

माणिक किंचाळली. पालेकर दोन पावले मागे सरकले. पाणी तिच्या केसांतून, कपाळावरून, दोन्ही खांद्यांवरून जुहूच्या तापलेल्या डांबरावर पडत होते आणि वारा त्याचे तुषार उचलून डावीकडे नेत होता.

“आणखी एक आण रे,” शेवंतीबाई चंद्रप्रकाशला म्हणाल्या.